ड्रॉइंग पार्टीचे, मशीन आपले : कंत्राटी उत्पादनाच्या चर्चेचा आढावा

भुशीच्या धरणाच्या पायऱ्यांवर पावसाळ्यात जी गर्दी भिजायला येते, तिच्यातल्या फार थोड्यांना हे धरण कशासाठी बांधले ते ठाऊक असते. बोरघाट चढून आलेल्या वाफेच्या इंजिनांना पाणी लागे, म्हणून रेल्वेने ते बांधले. घाटातला लोहमार्ग 1863 मध्ये सुरू झाला. त्याच्या कामाचे कंत्राट घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये इथे येताच वारला आणि त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने ते कंत्राट तडीस नेले. आखणी जेम्स बर्कली या मुख्य अभियंत्याची, रूळ आणि इंजिने विलायतेची, आणि कातळ फोडणारे हात इथले. भारतात बांधलेले पहिले इंजिन अजमेरच्या कारखान्यातून बाहेर पडायला 1895 उजाडले. चित्तरंजनचा कारखाना तर 1950 चा. घाटात हजारो माणसे वर्षानुवर्षे राबली. पण इंजिन कसे बनते हे त्या कामातून इथे कुणाला शिकायला मिळाले नाही.

त्याच घाटमाथ्यावरून आज द्रुतगती मार्गाने अर्ध्या-पाऊण तासात तळेगाव येते, पुढे चाकण. तिथल्या शेडमध्ये बनणाऱ्या मोटारसायकलींवर ऑस्ट्रियाच्या आणि इंग्लंडच्या कंपन्यांची नावे असतात. दुसऱ्याच्या नावाने, दुसऱ्याच्या मागणीप्रमाणे माल बनवून देणे उशिरा औद्योगिक झालेल्या देशाला वर नेते की तिथेच खिळवून ठेवते, यावर गेली चाळीसेक वर्षे जगभर वाद चालू आहे. तो आज कुठे येऊन थांबला आहे, ते पाहण्याचा हा प्रयत्न आहे. आणि पाहायला मावळ-चाकणचा पट्टा पुरेसा बोलका आहे.

आधी शब्दांविषयी

मराठीत ‘कंत्राटी’ म्हटले की आधी कंत्राटी कामगार डोळ्यांपुढे येतो. या लेखाचा मुख्य विषय तो नाही, पण तो दूरचाही नाही, पुढे येईलच. कंत्राटी उत्पादन म्हणजे एका कंपनीने आपला माल दुसऱ्याच्या कारखान्यात करवून घेणे. याची सर्वांत साधी पायरी म्हणजे भोसरी-तळवड्याच्या गाळ्यांतले जॉबवर्क. तिथली व्याख्या एका वाक्यात होते : ‘ड्रॉइंग पार्टीचं, मटेरियल पार्टीचं, मशीन आपलं.’ इचलकरंजीत सूत व्यापाऱ्याचे घेऊन मजुरीवर कापड विणून देणाऱ्या यंत्रमागधारकाला ‘खर्चीवाला’ म्हणतात. तोही याच जातकुळीचा. औषधधंद्यात ‘लोन लायसन्स’ असते : स्वतःचा कारखाना नसलेली कंपनी दुसऱ्याच्या कारखान्यात स्वतःच्या नावाने औषध बनवण्याचा परवाना घेते. याच्या वरच्या पायरीवर अख्खी वस्तू बनवून देणारे येतात, फॉक्सकॉनसारखे.

दोन गोष्टी यापासून वेगळ्या ठेवल्या पाहिजेत, कारण वादात त्यांची नेहमी सरमिसळ होते. एक, परवाना. आकुर्डीत 1960 च्या दशकात बनणारी व्हेस्पा पियाजिओच्या परवान्याची होती. विकणारा बजाजच होता. दुसरी, परकी कंपनीची स्वतःची शाखा. तळेगावला 2008 मध्ये उघडलेला जनरल मोटर्सचा कारखाना हा कंपनीचा स्वतःचा कारखाना होता, कंत्राटदाराचा नव्हे. तिन्हींत आराखडा बाहेरून येतो. फरक पडतो तो बाजार कुणाच्या हातात राहतो आणि शिकलेले कौशल्य कुणाच्या पदरात पडते, यात.

पूर्वपीठिका

‘उशिरा औद्योगिकीकरण’ ही कल्पना अर्थशास्त्रात रुळवण्याचे श्रेय अलेक्झांडर गर्शेनक्रॉन यांना देतात. त्यांचा निबंधसंग्रह 1962 चा. मागून येणाऱ्या देशाला तयार तंत्र उसने घेता येते, पण त्यासाठी बँका किंवा सरकार यांनी मोठी उडी घ्यावी लागते, असे त्यांचे म्हणणे. पुण्यात हा विचार त्याआधी सात दशके चालू होता. 1890 च्या पुण्यातल्या औद्योगिक परिषदेत न्यायमूर्ती रानडे यांनी जावा बेटातल्या डच सरकारच्या ‘कल्चर सिस्टीम’वर निबंध वाचला. सरकारने कारखानदाराला आगाऊ भांडवल द्यायचे आणि ठरलेल्या भावाने माल घ्यायचा, ही त्यातली कंत्राटी रीत त्यांना हिंदुस्थानसाठी विचार करण्याजोगी वाटली. त्याच पद्धतीत जावाच्या शेतकऱ्यावर सक्तीची लागवड लादली गेली होती, ही तिची दुसरी बाजू. कंत्राटाकडे उद्योगाची शिडी म्हणून पाहणे आणि त्याच कंत्राटाने कुणाला तरी वेठीला धरणे, या दोन्ही गोष्टी या चर्चेत अशा पहिल्यापासून शेजारी उभ्या आहेत.

मावळाने वेगळाही रस्ता पाहिला. अंताजी दामोदर काळे यांनी दरमाणशी एक पैसा गोळा करून काढलेल्या पैसाफंडातून, टिळकांच्या पाठबळाने, 1908 मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना उभा राहिला. तिथे परक्या कंपनीचे ड्रॉइंग नव्हते. जपान-अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे काच करायला शिकवत होते. कारखान्याबरोबर शाळाही होती, आणि तिथे शिकलेली माणसे पुढे देशातल्या इतर काच कारखान्यांत गेली. शिक्षण आणि उत्पादन एका छपराखाली ठेवायची ही कल्पना मला आजही महत्त्वाची वाटते. कंत्राटी उत्पादनावरचा सगळा वाद अखेर याच मुद्द्याशी येतो : मालाबरोबर शिक्षणही होते आहे का?

स्वातंत्र्यानंतर पुण्यात हे शिकणे मोठ्या प्रमाणावर झाले, आणि त्याचे सर्वांत चांगले उदाहरण टाटांच्या टेल्कोचे आहे. जमशेदपूरला टेल्को 1954 पासून मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने ट्रक बनवत होती. तो करार 1969 मध्ये संपला. त्याआधीच, 1966 मध्ये, सुमंत मुळगावकरांनी पिंपरी-चिंचवडला नवा प्रकल्प सुरू केला होता. तिथे पहिली कित्येक वर्षे ट्रक बनलेच नाहीत. बनत होती ती यंत्रे, डाय, जिग-फिक्श्चर, आणि घडत होते शिकाऊ कामगार. पुण्याचा पहिला ट्रक बाहेर पडला तो 1977 मध्ये. अकरा वर्षे विक्रीयोग्य गाडीऐवजी गाडी बनवण्याच्या साधनांवर खर्च करणे आजच्या कुठल्या संचालक मंडळाला पटवता येईल, सांगणे कठीण आहे. पुढे भोसरीत, चिंचवडला आणि नंतर चाकणला जे हजारो लहान व्हेंडर उभे राहिले, त्यांच्यातल्या अनेक मालकांनी टूलरूमचे पहिले धडे अशाच मोठ्या कारखान्यांत गिरवले.

शिडीचा पक्ष

कंत्राटी उत्पादनाकडे शिडी म्हणून पाहणाऱ्यांचा आधार प्रामुख्याने पूर्व आशिया आहे. ॲलिस ॲम्सडेन यांनी 1989 मध्ये दक्षिण कोरियावर लिहिताना एक मोजकी मांडणी केली : इंग्लंड शोधाच्या जोरावर, जर्मनी व अमेरिका नवप्रवर्तनाच्या जोरावर, आणि उशिरा आलेले देश शिकण्याच्या जोरावर उद्योगी झाले. शिकण्याची जागा म्हणजे कारखान्याचा मजला. गिऱ्हाईक परके, कडक आणि चोखंदळ असले तर ते शिकणे वेगाने होते, असे माइक हॉबडे यांनी 1995 मध्ये तैवान-कोरिया-सिंगापूरच्या इलेक्ट्रॉनिक्सवरून दाखवले. आधी दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर बनवायचे, मग आराखडा स्वतः करून द्यायचा, शेवटी स्वतःच्या नावाने विकायचे, अशा या पायऱ्या.

तैवानची जायंट ही सायकल कंपनी याचा आवडता दाखला आहे. 1972 मध्ये स्थापन झालेली जायंट अमेरिकेच्या श्विनसाठी सायकली बनवत असे. 1981 पासून तिने स्वतःचे नाव लावायला सुरुवात केली. 1987 मध्ये श्विनने चीनमधल्या पुरवठादाराशी संधान बांधले तेव्हा जायंटपाशी पाय टेकायला जागा होती. श्विन मात्र 1992 मध्ये दिवाळखोरीत गेली. बांगलादेशातला दाखला आणखी विलक्षण आहे. 1979 च्या सुमारास तिथल्या देश गार्मेंट्सने 130 जणांना कोरियात देवूच्या कारखान्यात सहा महिने शिकायला पाठवले. पुढच्या काही वर्षांत त्यांतले 115 जण ती कंपनी सोडून गेले आणि त्यांनी स्वतःचे किंवा इतरांचे कपड्यांचे कारखाने उभे केले. शिकवणाऱ्या कंपनीचे नुकसान झाले, देशाचा फायदा झाला.

या पक्षाला पुण्यात भक्कम आधार मिळतो. पियाजिओचा परवाना 1971 मध्ये संपला आणि पुढच्याच वर्षी बजाजने चेतक आणली. 2001 मध्ये पल्सर आली. 2007 मध्ये त्याच बजाजने केटीएममध्ये साडेचौदा टक्के हिस्सा घेतला आणि केटीएमच्या लहान मोटारसायकली चाकणला बनू लागल्या. जानेवारी 2023 मध्ये चाकणमधून दहा लाखावी केटीएम बाहेर पडली. 2023 मध्येच ट्रायम्फची स्पीड 400 चाकणहून आली. म्हणजे जो एकेकाळी दुसऱ्याच्या परवान्यावर स्कूटर बनवत होता, तो आता दुसऱ्यांना गाड्या बनवून देतो. लशींमध्येही असेच घडले. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटने 2010 मध्ये आफ्रिकेसाठी मेनिंजायटिसची मेनआफ्रिव्हॅक ही लस दिली. तिचे तंत्र अमेरिकेच्या एफडीएच्या प्रयोगशाळेतून आले होते, आणि डोस पन्नास सेंटच्या आत बसवणे हे सीरमचे काम होते. 2020 मध्ये ॲस्ट्राझेनेकाने एक अब्ज डोसांचा परवाना सीरमला दिला, तो या आधीच्या शिक्षणामुळे.

सापळ्याचा पक्ष

दुसऱ्या बाजूचे म्हणणे आकड्यांपासून सुरू होते. 2009 च्या आयफोनचे सुटे भाग आणि जुळणी धरून खर्च 178.96 डॉलर होता, असे युचिंग शिंग आणि नील डिटर्ट यांनी मांडले. त्यांत चीनमधल्या जुळणीचा वाटा साडेसहा डॉलर. एसरचे संस्थापक स्टॅन शिह यांनी 1992 मध्ये काढलेली हसऱ्या ओठांसारखी रेषा हेच सांगते : आराखडा आणि विक्री या दोन टोकांना मूल्य जास्त, मधल्या जुळणीला सर्वांत कमी. जगातली सर्वांत मोठी कंत्राटी उत्पादक फॉक्सकॉन तीनेक टक्क्यांच्या नफ्यावर चालते.

मधल्या जागेवरून दोन्हींपैकी एकाही टोकाकडे सरकायला गिऱ्हाईकच आडवे येते, हे या पक्षाचे खरे मर्म आहे. हंफ्री आणि श्मिट्झ यांनी दाखवले की परका खरेदीदार पुरवठादाराला उत्पादन सुधारायला हौसेने मदत करतो. पुरवठादार आराखडा किंवा विक्री हाती घ्यायला निघाला की मदत थांबते. बांगलादेश आज तयार कपड्यांच्या निर्यातीत जगातल्या आघाडीच्या देशांत आहे, पण चार दशकांनंतरही त्याचा स्वतःचा जागतिक ब्रँड दिसत नाही. मेक्सिकोने 1965 मध्ये सीमेलगत सुरू केलेल्या माकिलादोरा कारखान्यांविषयी हाच आक्षेप घेतला जातो : कच्चा माल सीमेपलीकडून आला, तयार माल सीमेपलीकडे गेला, स्थानिक पुरवठादार फारसे उभे राहिले नाहीत.

गिऱ्हाईक उठून गेले तर काय, ही भीतीही खरी आहे. श्रीपेरुम्बुदूरला नोकियाने 2006 मध्ये उभा केलेला कारखाना 2014 मध्ये बंद पडला आणि त्याच्यावर अवलंबून असलेले शेजारीही कोलमडले. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना वर म्हटल्याप्रमाणे कंत्राटी नव्हता, पण 2017 नंतर तो केवळ परदेशांतल्या विक्रीसाठी गाड्या बनवत राहिला आणि डिसेंबर 2020 मध्ये थांबला. चीनच्या ग्रेट वॉलशी झालेला व्यवहार सीमेवरच्या तणावानंतर परवानगीअभावी बारगळला, कामगार न्यायालयात गेले, आणि अखेर ऑगस्ट 2023 मध्ये ह्युंदाईशी करार झाला. मधली वर्षे हजाराहून जास्त कुटुंबांनी कशी काढली, याचा हिशेब कुठल्याही मूल्यसाखळीच्या आकृतीत येत नाही.

या दोन पक्षांमध्ये एक अवघड उदाहरण उभे आहे, आणि ते दोघांनाही सोडवावे लागते : तैवानची टीएसएमसी. 1987 मध्ये मॉरिस चँग यांनी स्थापलेली ही कंपनी स्वतःच्या नावाची एकही चिप विकत नाही, दुसऱ्यांच्या आराखड्यांवरच चिप बनवते, तरी तिचे ढोबळ नफ्याचे प्रमाण पन्नास टक्क्यांच्या वर जाते. म्हणजे कंत्राटी असणे आणि हलके असणे एकच नव्हे. बनवण्याची प्रक्रियाच इतकी अवघड झाली की ती दुसऱ्या कुणाला जमत नाही, तर ड्रॉइंग पार्टीचे असूनही सौदा मशीनवाल्याच्या हातात येतो. उलट, टाटांनी 1998 मध्ये आणलेल्या इंडिकाचे बाह्यरूप इटलीतल्या आयडिया या संस्थेकडून करवून घेतले होते. तिथे ड्रॉइंगच कंत्राटाने आले, गाडी मात्र टाटांची राहिली. त्यामुळे ब्रँड मिळवणे हीच शिडीची शेवटची पायरी, हे गृहीतक मला आता डळमळीत वाटते.

कामगाराच्या बाजूने

वरचे दोन्ही पक्ष कंपनीकडून पाहतात. तिसरा पक्ष कामगाराकडून पाहतो आणि विचारतो की कंपनी शिडी चढली तर तिच्याबरोबर माणूस चढतो का? कंत्राटी उत्पादनात मागणी गिऱ्हाइकाच्या शेड्यूलप्रमाणे वर-खाली होते. तो हेलकावा कारखानदार कामगारांवर ढकलतो. 1970 मध्ये कंत्राटी कामगार नियमन व निर्मूलन कायदा झाला. पण कंत्राटी पद्धत बंद केली तरी कामगार आपोआप मूळ कंपनीत कायम होत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात दिला. देशातल्या नोंदणीकृत कारखान्यांत कंत्राटदारामार्फत आलेल्या कामगारांचा हिस्सा या शतकाच्या सुरुवातीला पाचवा होता. आता तो पाचांत दोनच्या आसपास आहे. डिसेंबर 2020 मध्ये कर्नाटकातल्या नरसापूरच्या विस्ट्रॉन या कंत्राटी उत्पादकाच्या कारखान्यात पगारावरून उद्रेक झाला, तेव्हा त्यात बहुसंख्य कंत्राटी कामगार होते. आणि 2013 मध्ये कोसळलेली ढाक्याजवळची राणा प्लाझा इमारत, जिच्याखाली अकराशेहून अधिक माणसे गेली, तिच्यात तर जगभरच्या ब्रँडना कपडे शिवून देणारे कारखाने होते.

चाकण-तळेगावात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. ज्यांच्या जमिनी एमआयडीसीसाठी गेल्या, त्यांच्या मुलांना कारखान्यात मशीनवर जागा मिळण्याऐवजी बहुतेकदा वाहतूक, भंगार, पाण्याचे टँकर किंवा कामगार पुरवठा यांचे कंत्राट मिळाले. पैसा आला, हातात कसब आले नाही. आयटीआय झालेला मराठवाड्यातला किंवा विदर्भातला मुलगा ‘ट्रेनी’ म्हणून येतो, वर्ष-दीड वर्ष एकाच स्टेशनवर एकच नट आवळतो आणि दुसऱ्या गेटवर जाऊन उभा राहतो. शिडीचा पक्ष म्हणतो की कारखान्याचा मजला ही शाळा आहे. या मुलासाठी ती शाळा आहे का, याचे उत्तर त्या पक्षाने द्यायला हवे, आणि अजून ते नीट दिलेले नाही.

लहान कारखानदारही या साखळीत दबलेलाच असतो. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने पंचेचाळीस दिवसांत पैसे देणे बंधनकारक केले. मुदतीत पैसे न दिल्यास ती रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून वजा करू द्यायची नाही, अशी आयकर कायद्यातली तरतूद एप्रिल 2024 पासून लागू झाली. तक्रार केली तर पुढचे शेड्यूल येणार नाही, ही धास्ती मात्र कायद्याने जात नाही.

दार अजून उघडे आहे का

गेल्या दहा वर्षांत वादाचे केंद्र सरकले आहे. दानी रॉड्रिक यांनी दाखवले की आजचे विकसनशील देश पूर्वीच्या देशांपेक्षा पुष्कळ कमी उत्पन्नावर असतानाच कारखानदारीतला रोजगाराचा शिखरबिंदू ओलांडून जातात. यंत्रे स्वस्त झाली, चीनने जागा व्यापली. उशिरा येणाऱ्यांसाठी शिडीच्या खालच्या पायऱ्या झिजल्या आहेत. भारतात हा वाद 2020 च्या उत्पादनाधारित प्रोत्साहन योजनेवर येऊन ठेपला. रघुराम राजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2023 मध्ये विचारले की फोनची निर्यात वाढली, पण भागांची आयातही वाढली असेल तर अनुदान देऊन आपण मिळवले काय? योजनेचे समर्थक म्हणतात की चीनमध्येही आधी जुळणीच आली, भाग नंतर आले. आकारमान वाढल्याशिवाय भागवाला येत नाही. एप्रिल 2025 मध्ये सुट्या भागांसाठी 22,919 कोटी रुपयांची वेगळी योजना अधिसूचित झाली. तिच्यातून दोन्ही बाजूंना आपापला पुरावा मिळतो : एका बाजूला वाटते की नुसत्या जुळणीने भागत नाही हे सरकारने मान्य केले, दुसरीला वाटते की क्रम ठरल्याप्रमाणेच पुढे सरकला.

या वादाची धग तळेगावला थेट बसली आहे. वेदान्त-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प इथे येईल असे मानले जात असताना सप्टेंबर 2022 मध्ये त्याचा करार गुजरातशी झाला, आणि जुलै 2023 मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. प्रकल्प कुणी घालवला यावर पुष्कळ बोलले गेले. तो आला असता तर चिपच्या तंत्राचा कुठला भाग इथल्या अभियंत्यांना शिकायला मिळाला असता, याची चर्चा मात्र फार थोडी झाली.

न सुटलेले प्रश्न

पहिला न सुटलेला प्रश्न मोजमापाचा आहे. निर्यात मोजता येते, नोकऱ्या मोजता येतात; शिकणे मोजायचे कसे? पेटंटे मोजणारे भोसरीतल्या टूलरूमचे कसब पाहत नाहीत, कारण फिक्श्चरमध्ये केलेल्या सुधारणेचे पेटंट कुणी घेत नाही. देश गार्मेंट्सच्या 115 माणसांसारखी गणती, कोण कुठे शिकला आणि पुढे त्याने काय उभारले याची, पुण्याच्या पट्ट्यासाठी झाली पाहिजे. दुसरा प्रश्न अटींचा. कोरिया आणि तैवानच्या सरकारांनी सवलतींच्या बदल्यात निर्यात आणि तंत्रशिक्षण मागून घेतले. संघराज्यात, जिथे राज्ये एकमेकांवर सवलतींची चढाओढ करतात, तिथे अशी अट घालण्याची ताकद कुणात आहे? औषधांच्या कंत्राटी उत्पादनाचा मोठा भाग 2003 च्या करसवलतीनंतर हिमाचलातल्या बद्दीकडे गेला, हा अनुभव महाराष्ट्राच्या पदरी आहे. तिसरा प्रश्न संकटाच्या वेळचा. मार्च 2021 नंतर भारतातून लशींची निर्यात थांबली आणि सीरमवर विसंबलेल्या गरीब देशांना थांबावे लागले. जगाचा कारखाना एकाच ठिकाणी असण्याची किंमत तेव्हा दुसऱ्यांनी मोजली. आपल्यासाठी ते योग्य होते, त्यांच्यासाठी नव्हते. हा तिढा कुठल्याच पक्षाने सोडवलेला नाही.

आणि चौथा प्रश्न आपल्या समोरच घडतो आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये केटीएम कर्जात बुडाली. 2025 मध्ये बजाजने सुमारे ऐंशी कोटी युरोंची तजवीज करून तिचा ताबा घेतला. लहान केटीएमची इंजिने दोन्ही कंपन्यांनी मिळूनच घडवली होती. मोठ्या गाड्यांचा आराखडा मात्र ऑस्ट्रियातल्या मॅटिगहोफेन गावी होतो. आता कंपनी आपली आहे. येत्या काही वर्षांत त्या मोठ्या गाड्यांचे ड्रॉइंग मॅटिगहोफेनला निघेल, आकुर्डीला निघेल, की दोन्हीकडे मिळून, आणि ते काढणाऱ्यांत चाकणच्या लाइनवरून वर आलेला एखादा मुलगा असेल का, हे अजून ठरायचे आहे.